दार तेच, वर्ष वेगळं

पुण्यात परदेशी आर्किटेक्टांना इमारतींची मॉडेलं करून देणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जाऊन कुणाच्याही स्क्रीनकडे बघा. रेव्हिट या सॉफ्टवेअरचं आयकॉन एकदा नाही, चार-पाच वेळा दिसेल. २०२१, २०२२, २०२३, २०२४, २०२५. ही हौस नव्हे. लंडनच्या एखाद्या हॉस्पिटलचं काम २०२२ व्हर्जनमध्ये सुरू झालेलं असतं आणि ते त्यातच संपणार असतं. दुबईचा टॉवर २०२४मध्ये असतो. ठाण्याच्या बिल्डरच्या आर्किटेक्टने गेल्याच महिन्यात नवं व्हर्जन घेतलेलं असतं. एकच मुलगी सकाळी एकात काम करते, जेवणानंतर दुसऱ्यात. या सगळ्या कामांना लागणारी दारं, खिडक्या, पंप, दिवे, कमोड मात्र एकाच लायब्ररीतून येतात, असं निदान मालकांना वाटत असतं.

रेव्हिटच्या भाषेत या प्रत्येक वस्तूला फॅमिली म्हणतात. फॅमिली म्हणजे नुसतं चित्र नाही. दाराच्या फॅमिलीला आपली रुंदी माहीत असते, चौकटीची जाडी माहीत असते, आग किती वेळ अडवू शकतं तेही माहीत असतं. रुंदी बदलली की चौकट सरकते, भिंतीतलं भोक मोठं होतं आणि शेड्युलमधला (वस्तूंच्या तक्त्यातला) आकडा आपोआप बदलतो. रेव्हिट विकणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीकडून आयती लायब्ररी मिळते, पण तिचा जीव अमेरिकेत आहे. मेट्रिक लायब्ररीतल्या साध्या एकपाखी दाराचं माप ९१५ बाय २१३४ मिलिमीटर असतं. म्हणजे तीन फूट बाय सात फूट, फक्त कपडे मेट्रिक. आपल्याकडे लागणारा न्हाणी ट्रॅप, ओरिसा पॅन, स्वयंपाकघरातला ओटा, खिडकीवरचा छज्जा हे ज्याचं त्यानेच बनवायचं. बनवायला वेळ लागतो. म्हणून ऑफिसची खरी पुंजी म्हणजे दहा-बारा वर्षांत जमलेल्या या हजारो छोट्या फाइली. आणि दर एप्रिलमध्ये ही पुंजी एक वर्षाने जुनी होते.

एप्रिल यासाठी की नवं रेव्हिट साधारण त्याच सुमारास येतं. २०२५ हे व्हर्जन २०२४च्या एप्रिलमध्ये आलं. दिवाळी अंक दिवाळीआधी येतो, त्यातलाच प्रकार.

या सगळ्याचं मूळ रेव्हिटच्या जन्मात आहे. लिओनिड राइझ आणि अर्विन जंग्राइस हे दोघे पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनमधले. यंत्रांचे भाग डिझाइन करणारं प्रो-इंजिनिअर या कंपनीचं. भागांमधली नाती सांभाळणारं ते डोकं इमारतींसाठी वापरायचं, या कल्पनेतून त्यांनी १९९७मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी काढली. एप्रिल २०००मध्ये रेव्हिटची पहिली आवृत्ती आली आणि २००२मध्ये ऑटोडेस्कने १३.३ कोटी डॉलरला कंपनी विकत घेतली. ऑटोडेस्ककडे ऑटोकॅड आधीपासून होतंच. पण ऑटोकॅडच्या फाइलमध्ये रेघा असतात, रेव्हिटच्या फाइलमध्ये नाती. रेघ जुन्या प्रोग्रॅमलाही कळते. म्हणून ऑटोकॅडमध्ये जुन्या व्हर्जनला सेव्ह करायची सोय आहे, आणि डीडब्ल्यूजी फाइलचा साचा २०१३नंतर थेट २०१८मध्ये बदलला, तेव्हापासून तोच आहे. रेव्हिटमध्ये भिंत, मजला, दार आणि शेड्युल यांची वीण दरवर्षी थोडी बदलते. नव्या व्हर्जनने जुनी फाइल उघडली की ती नव्या विणीत आणली जाते आणि सेव्ह केली की तशीच राहते. मागे जायची वाट कंपनीने ठेवलेलीच नाही. दुधाला विरजण लागलं की लागलं.

म्हणून लायब्ररीतले बहुतेक अपघात एका कळीने होतात. मी काही काळ ज्या ऑफिसात बसत होतो, तिथे एका नव्या मुलाने शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवरची वॉशबेसिनची फॅमिली २०२३मध्ये उघडली. उंची ८०० होती ती ८५० केली आणि सेव्ह केली. चूक दुरुस्त केल्याचा आनंदही त्याला झाला असणार. सोमवारी सकाळी २०२१वर काम करणाऱ्या टीमला संदेश आला की फाइल नंतरच्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली आहे, उघडता येणार नाही. वाचवलं कुणी, तर ज्यांना सगळे शिव्या घालतात त्या बॅकअप फाइलींनी. रेव्हिट दर सेव्हला आधीची प्रत नावापुढे ०००१, ०००२ असे आकडे लावून बाजूला ठेवतं. फोल्डर घाण दिसतं म्हणून लोक त्या उडवतात. त्या फोल्डरची साफसफाई अजून कुणी केली नव्हती, इतकंच.

आता अपग्रेड करताना नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण लायब्ररीच्या चर्चेत याच गोष्टीला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. सॉफ्टवेअर अपग्रेड करून देतं आणि फाइल उघडते, म्हणजे झालं, असा समज असतो. भूमिती सहसा टिकते. मोडतं ते भोवतालचं.

पहिली गोष्ट फॅमिलीच्या शेजारी राहणाऱ्या फाइलींची. पोलादी तुळई किंवा पाइपच्या फॅमिलीत मापांचे शंभरएक टाइप असू शकतात. ते सगळे आत ठेवले तर प्रोजेक्ट जड होतो, म्हणून ते त्याच नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिलेले असतात. लोड करताना यादी समोर येते, हवा तो टाइप निवडायचा. ही टेक्स्ट फाइल फॅमिलीच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने असावी लागते. अपग्रेड करणारा फक्त फॅमिलीच्या आरएफए फाइली नव्या फोल्डरमध्ये नेतो, टेक्स्ट फाइल मागे राहते आणि यादीच येत नाही. कुणी फॅमिलीचं नाव सुधारलं तरी हेच. पाइप फिटिंगच्या मापांच्या तक्त्यांचीही पूर्वी अशीच रडकथा होती. रेव्हिट २०१४पासून ते तक्ते फॅमिलीच्या पोटात गेले आणि एक डोकेदुखी कमी झाली.

दुसरी गोष्ट शेअर्ड पॅरामीटरची. ही सगळ्यात कपटी. दाराच्या फॅमिलीत आपण स्वतः घातलेला रकाना शेड्युलमध्ये दिसायचा असेल, तर तो एका सामाईक टेक्स्ट फाइलीतून यावा लागतो. त्या फाइलीत प्रत्येक पॅरामीटरला नावाबरोबर एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. रेव्हिट माणसांसारखं नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. नव्या व्हर्जनची लायब्ररी करताना कुणी जुनी फाइल न सापडल्याने तीच नावं हाताने पुन्हा टाइप केली, तर नाव तेच राहतं आणि क्रमांक बदलतो. मग शेड्युलमध्ये एकाच नावाचे दोन रकाने उगवतात, अर्धी दारं एकात आणि अर्धी दुसऱ्यात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हे शोधण्यात गेलेले दिवस कुणाच्याच टाइमशीटमध्ये सापडणार नाहीत.

तिसरी गोष्ट कॅटेगरीची. रेव्हिट २०२२मध्ये काही नव्या कॅटेगरी आल्या. वैद्यकीय उपकरणं, व्यावसायिक स्वयंपाकघराची उपकरणं, पाट्या, सरकते जिने वगैरे. त्याआधी हॉस्पिटलचा बेड आणि हॉटेलचा तंदूर दोघेही ‘स्पेशालिटी इक्विपमेंट’ नावाच्या एकाच गोधडीखाली झोपत असत. नव्या सोयीचा मोह साहजिक आहे. पण बेड नव्या कॅटेगरीत नेला की २०२१मधल्या हॉस्पिटलला तो मिळत नाही, आणि जुन्या लायब्ररीतला बेड नव्या प्रोजेक्टमध्ये आणला की तो आपला जुन्याच गोधडीत जाऊन बसतो. शेड्युलमध्ये बेडची संख्या मागाल तर कॅटेगरी कोणती, हे आधी विचारावं लागेल. म्हणजे लायब्ररीच्या दोन प्रतींमध्ये फक्त वर्षाचा फरक राहत नाही, अर्थाचाही पडतो.

आणि एक गोष्ट, जी फाइलच नाही. भिंती, मजले, छतं, जिने यांना सिस्टम फॅमिली म्हणतात. त्या वेगळ्या फाइलीत ठेवता येत नाहीत, प्रोजेक्टच्या आतच राहतात. १९० बाय ९० बाय ९०च्या मॉड्युलर विटेची, दोन्ही बाजूंनी गिलाव्याची भिंत एकदा नीट तयार केली तरी ती ठेवायची कुठे? म्हणून ऑफिसं एक वेगळा प्रोजेक्ट ठेवतात. त्यात सगळ्या भिंतींचे तुकडे ओळीने उभे असतात, कापडाच्या दुकानातल्या नमुन्यांसारखे. तिथून कॉपी करायचं. कॉपी करताना दोन्ही प्रोजेक्ट एकाच रेव्हिटमध्ये उघडे असावे लागतात, म्हणजे पुन्हा व्हर्जन एकच हवं. शिवाय तिथे एक सापळा आहे. पेस्ट होणाऱ्या टाइपचं नाव आणि समोरच्या प्रोजेक्टमधल्या टाइपचं नाव एकच असेल, तर रेव्हिट समोरचा टाइप वापरतं. एक छोटी सूचना येते, लोक ती न वाचता बंद करतात. तुम्ही आणलीत २३० मिलिमीटरची भिंत, उभी राहिली १५०ची. नावं जपून ठेवा म्हणतात ते उगाच नव्हे.

या सगळ्यावर ऑफिसं काय करतात? सगळ्यात जास्त चालणारा उपाय म्हणजे वर्षागणिक एक फोल्डर. नवं व्हर्जन आलं की जुन्या लायब्ररीची प्रत काढायची, सगळं अपग्रेड करायचं, फोल्डरला नवं वर्ष लावायचं. पहिल्या वर्षी हे अगदी नीटनेटकं दिसतं. पाचव्या वर्षी पाच लायब्रऱ्या होतात. मग २०२३च्या फोल्डरमध्ये कुणी दाराच्या कडीची उंची सुधारतं, बाकी चार फोल्डरमध्ये ती चुकीचीच राहते. पुढच्या वर्षीची प्रत कोणत्या फोल्डरवरून निघेल, ते त्या दिवशी बसलेल्या माणसाच्या मर्जीवर. थोडक्यात, चुका जतन करायची ही उत्तम पद्धत आहे.

दुसरा उपाय आळशी वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. हातात असलेल्या सगळ्यात जुन्या प्रोजेक्टचं जे व्हर्जन, त्यातच लायब्ररी ठेवायची. जुनी फॅमिली नव्या प्रोजेक्टमध्ये लोड होतेच. रेव्हिट ती तिथल्या तिथे वर आणतं आणि सर्व्हरवरची मूळ फाइल जुनीच राहते. किंमत एवढीच की प्रत्येक लोडला थोडं थांबावं लागतं. एकात एक बसवलेल्या फॅमिली असतील तर जास्तच. नव्या व्हर्जनमधल्या सोयी लायब्ररीत घेता येत नाहीत, हेही खरं. आणि हा तळ वर कधी उचलायचा, याचं उत्तर शेवटी कंपनीच देते. सबस्क्रिप्शनवर चालू व्हर्जन आणि त्यामागची तीन, एवढीच मिळतात. नव्या मशीनवर त्याहून जुनं टाकायचं म्हटलं तर जुने इन्स्टॉलर जपून ठेवलेल्या माणसाची आठवण येते.

माझं मत तिसऱ्या वाटेला आहे. मूळ लायब्ररी एकच, सगळ्यात जुन्या जिवंत व्हर्जनमध्ये. दुरुस्ती फक्त तिथे आणि फक्त एक-दोन माणसांच्या हातून. बाकीच्या वर्षांच्या प्रती यंत्राने तयार करायच्या, सर्व्हरवर नुसत्या वाचण्यापुरत्या खुल्या ठेवायच्या, आणि बिघडल्या तर दुरुस्त न करता फेकून पुन्हा काढायच्या. पिठाची गिरणी असताना पिठातले खडे वेचत बसू नये, धान्य निवडावं. नव्या व्हर्जनचीच सोय लागणाऱ्या मोजक्या फॅमिली, उदाहरणार्थ तो हॉस्पिटलचा बेड, वेगळ्या फोल्डरमध्ये नावानिशी ठेवाव्यात. त्या अपवाद आहेत हे दिसलं पाहिजे.

यंत्राने म्हणजे कशाने? ऑटोडेस्ककडून एक जुनी बॅच फाइल मिळते. ती फोल्डरमधल्या सगळ्या फॅमिलींची यादी बनवते आणि मग रेव्हिटला एक जर्नल फाइल देते. रेव्हिट तुमची प्रत्येक हालचाल जर्नलमध्ये लिहून ठेवतं, आणि लिहिलेली जर्नल परत चालवली की स्वतःच त्या हालचाली करतं, या गमतीवर ते अवजार उभं आहे. रात्री लावून घरी जायचं. फक्त मध्येच एखाद्या फॅमिलीने एखादी पाटी पुढे केली की अख्खी गाडी तिथेच थांबते आणि सकाळी आल्यावर दिसतं की रात्रभर एका खिडकीने ‘ओके’ची वाट पाहिली. ज्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येतं ते डायनॅमो किंवा पायरेव्हिट वापरतात. पण तिथेही व्हर्जनचं भूत सोडत नाही. एककांची हाताळणी २०२१-२२मध्ये बदलली, २०२४मध्ये घटकांचे ओळख-क्रमांक ६४ बिटचे झाले, २०२५मध्ये रेव्हिट डॉट नेट ८वर गेलं. प्रत्येक वेळी लायब्ररी सांभाळणाऱ्या स्क्रिप्टचीच डागडुजी करावी लागली. एका व्हर्जनपुरती लिहिलेली स्क्रिप्ट सगळ्यांना पुरेल असं धरून चालू नये.

विकतचे उपायही आहेत. युनिफाय नावाची सेवा ऑटोडेस्कने घेतली आणि आता ती त्यांच्या कंटेंट कॅटलॉगच्या रूपात येते. अव्हेल नावाची दुसरी आहे. शोधणं, चित्र पाहणं, मंजूर आणि नामंजूर वेगळं ठेवणं यासाठी त्या खरोखर चांगल्या आहेत. पण कचरा त्यात टाकलात तर कचराच लवकर सापडतो. उत्पादकांच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या फॅमिलींबद्दलही हेच. नळ विकणारी कंपनी नळाचा आटासुद्धा मॉडेल करून देते, कारण तिला नळ विकायचा असतो. तीनशे फ्लॅटांच्या मॉडेलमध्ये तो नळ नऊशे ठिकाणी बसला की मॉडेल उघडायला चहा पिऊन यावं लागतं.

रेव्हिटबाहेरचं जग काही फार सुखी नाही, वेगळं आहे इतकंच. हंगेरीच्या ग्राफीसॉफ्टचं आर्किकॅड १९८०च्या दशकापासून आहे, आणि त्यातल्या वस्तू जीडीएल नावाच्या लिपीत, मजकूर म्हणून लिहिल्या जातात. प्रोजेक्ट एक व्हर्जन मागे सेव्ह करता येतो. पण तिथे वस्तू प्रोजेक्टच्या आत न बसता शेजारच्या लायब्ररीत राहतात, त्यामुळे दुखणं उलट्या बाजूने येतं. जुना प्रोजेक्ट नव्यात उघडतो, पण जुनी लायब्ररी जोडलेली नसेल तर खुर्च्या-कपाटांच्या जागी नुसते ठिपके दिसतात. कंपनी जुन्या वस्तूंची सोय म्हणून स्थलांतराच्या लायब्रऱ्या देत आली आहे. वर्षं साचली की त्यांचीही उतरंड होते. आयएफसी हा आयएसओ १६७३९ म्हणून मान्य झालेला खुला साचा या भांडणात पंच म्हणून पुढे केला जातो. जतन करायला आणि दुसऱ्याच्या हाती सोपवायला तो योग्यच आहे. मात्र त्यातून बाहेर आलेलं दार बघता येतं, मोजता येतं. त्याची रुंदी बदलली की चौकट हलेल, ही अपेक्षा ठेवू नये. लायब्ररीला हवं असतं नेमकं ते हलणं.

२०२०मध्ये २५ आर्किटेक्चर फर्मनी, त्यातल्या बहुतेक ब्रिटनमधल्या, ऑटोडेस्कला खुलं पत्र लिहिलं होतं. तक्रार किमतीची होती आणि रेव्हिट पुरेसं पुढे सरकत नाही ही होती. लायब्ररी सांभाळणाऱ्याने ते पत्र वाचलं असेल तर त्याला कसंनुसं झालं असेल. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नवं वैशिष्ट्य म्हणजे आणखी एक भिंत, जिच्या पलीकडून फाइल परत येत नाही. दोघंही बरोबर आहेत, हीच अडचण आहे.

बांधकामाच्या मालकाच्या बाजूने पाहिलं तर ही अडचण आणखी वाढते. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने वेळ आणि खर्च जोडलेलं फाइव्ह-डी बिम (बांधकामाचं माहितीसकट मॉडेल) वापरलं, तेही रेव्हिटच्या नव्हे तर बेंटलीसारख्या इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने. साधन कुठलंही असो, पुलाचे खांब पिढ्यान्पिढ्या उभे राहायचे आहेत आणि त्यांची माहिती ज्या फाइलीत आहे त्या फाइलीचं आयुष्य सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या वेळापत्रकावर आहे. म्हणून करारात मूळ मॉडेलबरोबर खुल्या साच्यातली प्रतही मागावी आणि व्हर्जन कोणतं ते लिहून घ्यावं. सुरुवातीच्या बिम आराखड्यात व्हर्जनचा आकडा एका ओळीत असतो, ती ओळ सगळ्यात शेवटी वाचली जाते. मध्येच अपग्रेड करायचं ठरलं तर आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेसवाले यांनी एकाच आठवड्यात करावं. एकटा पुढे गेला की बाकीच्यांना त्याचं मॉडेल जोडता येत नाही.

उरला प्रश्न माणसाचा, आणि तो पैशाचा आहे. आपल्याकडच्या आउटसोर्सिंग ऑफिसांत तास विकले जातात. लायब्ररी नीट करायला घालवलेला तास कुठल्याच क्लायंटच्या बिलात जात नाही. त्यामुळे हे काम सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं, आणि शेवटी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. आठवड्याचे चार तास एका माणसाच्या नावाने राखून ठेवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत, पण थोडी. त्या तासांत पहिलं काम फॅमिली वाढवण्याचं नसतं, कमी करण्याचं असतं. अपग्रेड करण्याआधी कुठल्या फॅमिली गेल्या दोन वर्षांत एकदाही वापरल्या नाहीत ते बघितलं, तर निम्मी लायब्ररी न्यायचीच गरज उरत नाही.

परवा अशाच एका निवडणीत जुना न्हाणी ट्रॅप हाती आला. फाइल रेव्हिटमध्ये न उघडताही तिचं व्हर्जन कळतं. नोटपॅडमध्ये टाकली की अगम्य खुणांच्या गर्दीत वर्ष लिहिलेलं सापडतं. हा २०१६चा निघाला. बनवणारा कधीच कॅनडाला गेलाय. आत व्यासाच्या पॅरामीटरचं नाव आहे ‘डाया फायनल न्यू २’. बदलायला हवं, पण चालू असलेल्या तीन प्रोजेक्टांची शेड्युलं त्याच नावावर उभी आहेत. तेव्हा पुढच्या एप्रिलपर्यंत तो ‘फायनल न्यू २’च.